चूक कुठे, ते सांगणारा गणिती

माझे गाव आंधळगाव. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले. महाविद्यालयात पहिल्या दिवशी गावाचे नाव सांगितले तेव्हा वर्गात थोडा हशा पिकला. मला त्याचे वाईट वाटले नाही, कारण नावाने आंधळ्या असलेल्या या गावाचे सारे पोट डोळ्यांवरच चालते. इथे हातमागावर कोशाचे कापड विणतात. ताण्यातला एखादा बारीक धागा तुटला तर तो चालत्या मागावर दिसावा लागतो. नाही दिसला तर हातभर कापड वाया जाते. माझे बाबा मागावर बसतात, आई कांड्या भरते, आणि त्याच खोलीच्या एका कोपऱ्यात मी बारावीपर्यंतचा अभ्यास केला. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच.

कला शाखेच्या मुलीने एका गणितज्ञाचे चरित्र का लिहावे, असे कुणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण आमच्या पत्र्यावरची डिश. पावसाची जोरदार सर आली की पडद्यावरचे चित्र आधी चौकड्याचौकड्यांचे होते आणि मग थबकते. रिमझिम पावसात मात्र काहीच बिघडत नाही. पाऊस तर तेव्हाही लहरींच्या वाटेत असतोच! मग चित्र शाबूत कसे राहते, हा प्रश्न मला शाळेत असल्यापासून पडलेला होता.

दुसरे कारण जरा कडू आहे. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना बँकेच्या खाते क्रमांकातले दोन आकडे माझ्या हातून मागेपुढे झाले. अर्ज परत आला. शेऱ्यात एवढेच होते की माहिती चुकीची आहे. कोणती माहिती, कुठे चुकीची, याचा पत्ता नाही. मी जन्मतारीख तपासली, नावाचे ऱ्हस्वदीर्घ तपासले आणि अर्ज पुन्हा दिला. तो पुन्हा परत आला. तिसऱ्या खेपेला ग्रंथालयात भेटलेल्या तृतीय वर्षाच्या एका ताईने पासबुकावर पट्टी ठेवून एकेक आकडा जुळवला, तेव्हा चूक सापडली. पण तोवर परीक्षा होऊन गेली होती. फी आणि पुस्तकांसाठी बाबांनी व्यापाऱ्याकडून उचल घेतली होती, आणि ती फिटेपर्यंत ठरल्या भावानेच साड्या द्याव्या लागल्या. दोन आकड्यांची अदलाबदल बाबांनी दिवाळीपर्यंत मागावर बसून फेडली. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. म्हणूनच ते जास्त लागले.

यंदा अर्थशास्त्राच्या तासाला संख्याशास्त्राचा भाग आला. महालनोबिस यांच्याविषयी सांगताना सरांनी ओघात राजचंद्र बोस यांचे नाव घेतले, आणि यंत्राने स्वतःची चूक स्वतः शोधून दुरुस्त करावी याची एक रीत या माणसाने बसवली, असे सांगितले. मी सावरून बसले. तास संपल्यावर ग्रंथालयात गेले. तिथे आणि नंतर इतरत्र जे वाचले, समजून घेतले, ते माझ्या शब्दांत इथे मांडते आहे.

राजचंद्र बोस यांचा जन्म १९ जून १९०१ रोजी नर्मदाकाठच्या होशंगाबाद येथे झाला. हे गाव आता नर्मदापुरम म्हणून ओळखले जाते. त्या काळी होशंगाबाद आणि आपला भंडारा हे दोन्ही जिल्हे एकाच मध्य प्रांतात होते आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. म्हणजे जन्माने बोस आपल्याच प्रांतातले! कुटुंब मात्र बंगाली. वडील डॉक्टर. बालपण गेले रोहतकला. मुलगा बुद्धिमान होता आणि वडिलांच्या अपेक्षा मोठ्या होत्या. शाळा संपवून १९१७ साली तो दिल्लीच्या हिंदू कॉलेजात दाखल झाला.

पुढच्याच वर्षी देशभर इन्फ्लुएंझाची साथ आली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे त्या साथीत गेली. त्यात राजचंद्रांची आई गेली. वर्ष उलटते न उलटते तोच वडीलही गेले. आज मी ज्या वयाची आहे त्याच्या आसपास या मुलाच्या डोक्यावरचे छप्पर गेले आणि धाकट्या भावंडांचा भार खांद्यावर आला. अशा वेळी घरातला मोठा मुलगा शिक्षण सोडतो, हे आपल्या गावागावांत आपण पाहतो. त्यांनी ते सोडले नाही. १९२४ साली दिल्लीत ते गणिताचे एम.ए. झाले. मग कलकत्त्याला जाऊन १९२७ साली शुद्ध गणितात पुन्हा एम.ए. केले. तिथे श्यामादास मुखोपाध्याय हे भूमितीचे नामांकित अध्यापक त्यांना गुरू म्हणून लाभले आणि भूमितीची गोडी लागली ती कायमची. १९३० साली ते कलकत्त्याच्या आशुतोष कॉलेजात अध्यापक झाले. दिवसभर तास घ्यायचे आणि उरल्या वेळात भूमितीवर संशोधन करायचे, असा क्रम सुरू झाला. त्या संशोधनाचा व्यवहारात काय उपयोग, असे कुणी विचारले असते तर तेव्हा उत्तर देणे कठीण होते.

१९३२ च्या अखेरीस प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्यांना हेरले. भारतीय सांख्यिकी संस्था नुकतीच, १९३१ साली, स्थापन झाली होती आणि प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या महालनोबिसांच्या प्रयोगशाळेत तिचे काम चाले. महालनोबिसांना भूमिती जाणणारा माणूस हवा होता. बोस यांना संख्याशास्त्राचा गंध नव्हता, आणि तसे त्यांनी स्पष्ट सांगितले. तरीही महालनोबिसांनी त्यांना अर्धवेळ घेतले. इंग्लंडातले मोठे संख्याशास्त्रज्ञ फिशर यांचे लेखन पुढ्यात ठेवले आणि शिकून घ्यायला सांगितले. तिशी उलटलेला, संसारी माणूस पुन्हा विद्यार्थी झाला.

१९३७-३८ च्या हिवाळ्यात फिशर स्वतः कलकत्त्याला आले. त्यांचा विषय होता शेतावरच्या प्रयोगांची मांडणी. हा विषय धानाच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना चटकन समजेल. समजा, धानाच्या तीन वाणांची तुलना करायची आहे. बांधाकडची जमीन ओलसर, वरची मुरमाड. एक वाण सगळा ओलाव्यात लावला आणि दुसरा मुरमात, तर पीक वाणामुळे वाढले की जमिनीमुळे, हे कसे कळणार? म्हणून शेताचे तीन ओळी आणि तीन रांगा असे नऊ तुकडे करायचे आणि प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत एकदा व प्रत्येक रांगेत एकदाच येईल असे लावायचे. मग जमिनीच्या उताराचा दोष तिघांवर सारखा वाटला जातो आणि हिशेबातून निघून जातो. याला लॅटिन चौरस म्हणतात. वाणांबरोबर खतांचेही तीन प्रकार घेतले आणि प्रत्येक वाणाची प्रत्येक खताशी एकदाच जोडी जुळवली, की असे दोन चौरस एकमेकांवर बसतात. तीनाचे जमते, पण मोठ्या संख्यांचे चौरस कसे जुळवायचे? त्याला काही नियम हवा.

तो नियम देणाऱ्यांत बोस आघाडीवर होते. एव्हरिस्त गाल्वा हा फ्रेंच तरुण १८३२ साली, विसाव्या वर्षीच, द्वंद्वयुद्धात मारला गेला; मागे तो एक विलक्षण गणित ठेवून गेला. मोजक्याच संख्यांचे, पण बेरीज-गुणाकार-भागाकार सारे बिनचूक चालणारे ते एक लहानसे जग आहे. घड्याळात बारानंतर पुन्हा एक येतो, काहीसे तसेच. या मर्यादित जगातल्या भूमितीने १९३८ आणि १९३९ च्या निबंधांत बोस यांनी शेताच्या चौरसांची रचना करून दाखवली. बिनउपयोगाची भूमिती शेतावर आली! आणि नेमकी हीच पुढे आकाशातल्या लहरींच्या कामी आली. ते सांगण्याआधी एक गंमत सांगते.

१९४० पासून बोस कलकत्ता विद्यापीठात शिकवत होते आणि १९४५ साली तिथल्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. पण त्यांच्याजवळ डॉक्टरेट नव्हती आणि पदासाठी ती हवी होती. तेव्हा आपले छापून आलेले निबंध त्यांनी विद्यापीठाला सादर केले आणि १९४७ साली त्यांना पदवी मिळाली ती डी.लिट.! आपल्या कला शाखेच्या मित्रमैत्रिणींनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

त्याच वर्षी ते अमेरिकेला जाऊन आले आणि १९४९ पासून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे त्यांच्या हाताखाली १९५० साली पीएच.डी. झाले ते शरदचंद्र श्रीखंडे. हे आपले मराठी गणितज्ञ. जन्म १९१७ चा, सागरचा. शिक्षण नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात, आणि पुढे त्याच महाविद्यालयात अनेक वर्षे अध्यापन. नंतर ते मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले आणि २०२० साली, १०२ वर्षांचे आयुष्य जगून, वारले. नागपूरच्या वर्गात फळ्यावर खडू चालवणारा हा माणूस १९५८ साली पुन्हा बोस यांच्याकडे गेला आणि गुरुशिष्यांनी मिळून जगाला थक्क केले.

झाले असे. ऑयलर हा अठराव्या शतकातला थोर गणिती. सहा पलटणींतले सहा हुद्द्यांचे ३६ अधिकारी चौरसात असे उभे करायचे की प्रत्येक ओळीत व रांगेत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच यावा, हे कोडे त्याने घेतले. ते सुटेना. १७८२ साली त्याने अंदाज मांडला की ६ चे जमत नाही, आणि १०, १४, १८, २२ अशा पुढच्या संख्यांचेही जमणार नाही. ६ चे खरोखर जमत नाही हे १९०० च्या सुमारास तारी या फ्रेंच माणसाने पडताळून दाखवले. बाकीच्या संख्यांबाबतही लोकांनी ऑयलरवर विश्वास ठेवला. १९५९ साली बोस आणि श्रीखंडे यांनी २२ चा चौरस रचून दाखवला, पार्कर यांनी १० चा, आणि लवकरच तिघांनी मिळून सिद्ध केले की २ आणि ६ सोडले तर ऑयलरचा अंदाज सर्वत्र चुकीचा आहे. २६ एप्रिल १९५९ रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ही बातमी आली. मला यात आवडले ते असे की, ऑयलर चुकला एवढेच सांगून ही माणसे थांबली नाहीत. तो कुठे बरोबर होता आणि कुठे चुकला, हे त्यांनी नेमके दाखवले.

आता आमच्या पत्र्यावरच्या डिशकडे येते.

उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. तिथून येणाऱ्या ज्या लहरी घरच्या डिशवर पडतात त्यांची लांबी साधारण अडीच सेंटिमीटर. पावसाचे थेंब अशा लहरींना शोषतात, विखुरतात. जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरींचे दुखणे वेगळे: त्या डोंगरावर, इमारतींवर आपटून येतात, आणि मूळ लहरीत त्यांचा पडसाद मिसळून अक्षरे एकमेकांवर सांडतात. घरचे यंत्र आधी लहर सरळ करते. त्यासाठी मजकुराच्या अधूनमधून ओळखीच्या खुणा पाठवलेल्या असतात. त्या खुणा किती वाकल्या यावरून बाकीचा मजकूर किती वाकला असेल हे ताडून तेवढा तो उलट वाकवायचा. एवढे करूनही काही चुका उरतात. सारा मजकूर शून्य आणि एक या दोनच चिन्हांत, म्हणजे बिटांत, आलेला असतो. कुठे शून्याचा एक झालेला असतो, कुठे एकाचा शून्य. या उरलेल्या चुका कशा ओळखायच्या?

त्याचे उत्तर मला बाबांच्या करवतकाठी साडीत सापडते. त्या साडीचा काठ करवतीच्या दातांसारखा असतो आणि ती तीन धोट्यांनी विणतात. विणताना बाबांची नजर अंगापेक्षा काठावर जास्त असते. अंगातली चूक सपाट रंगात लपते. काठाचा दात मात्र लगेच वाकडा दिसतो, आणि दात मोजले की चूक कितव्या फेकीला झाली ते कळते. यंत्राच्या मजकुरालाही असाच काठ विणतात. माहितीच्या बिटांवरून हिशेबाने काही जादा बिट काढायचे आणि सोबत पाठवायचे. त्यांत नवी माहिती काहीच नसते. पण मजकूर बिघडला तर त्यांचा दात वाकडा होतो.

अशा रीतीने चुका हव्या तितक्या कमी करता येतील, हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली सिद्ध केले. पण तसा काठ विणायचा कसा हे त्या सिद्धतेत नव्हते. १९५० साली रिचर्ड हॅमिंग यांनी एक चूक दुरुस्त करण्याची रीत दिली. दोन, तीन, चार चुका झाल्या तर? इथे बोस आणि त्यांचे शिष्य द्विजेंद्रकुमार राय-चौधरी पुढे आले. त्याआधी १९५९ साली बोस आणि श्रीखंडे यांनीही अशा संकेतरचनेवर एक टिपण लिहिले होते. राय-चौधरींबरोबरचा निबंध १९६० च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाला.

त्यातली युक्ती मला समजली ती अशी. प्रत्येक जागेला एक क्रमांक द्यायचा. चूक एकच असेल तर हिशेबातून थेट तिचा क्रमांक निघतो. चुका दोन असतील तर दोन्ही क्रमांकांची बेरीजच हाती येते. समजा बेरीज १० आली. मग जागा १ आणि ९ असतील, २ आणि ८ असतील, ४ आणि ६ असतील; काय सांगावे? पण सोबत त्यांच्या घनांची बेरीजही कळली आणि ती ३७० असली, तर उत्तर एकच: ३ आणि ७. कारण ३ चा घन २७, ७ चा घन ३४३. जास्त चुकांसाठी पाचवा घात, सातवा घात असे पुढे जायचे. यंत्रात हा हिशेब आपल्या नेहमीच्या आकड्यांत चालत नाही, तो गाल्वाच्या त्या लहानशा जगात चालतो. तिथे वर्गांची बेरीज नवे काहीच सांगत नाही, म्हणून घन घ्यावे लागतात. शेतासाठी शिकलेली विद्या अशी लहरींना लागू पडली.

याची किंमतही ठरलेली आहे. १५ बिटांचा एक शब्द घेतला तर एक चूक दुरुस्त करायला त्यात माहिती ११ बिटांचीच मावते, दोन चुकांसाठी ७, आणि तीन चुकांसाठी ५. बाकीचा सगळा काठ! दुकानात पैसे देताना आपण जो चौकोनी क्यूआर कोड टिपतो, त्याच्या कोपऱ्यांजवळ नेमका हा ५ आणि १० चा १५ बिटी शब्द असतो. उपग्रह प्रक्षेपणाच्या दुसऱ्या पिढीत आधी दुसरी एक रीत बहुतेक चुका काढते आणि मग ६४,८०० बिटांच्या चौकटीत उरलेल्या ८ ते १२ पर्यंतच्या चुका बोस यांची रीत निपटते. म्हणूनच रिमझिम पावसात चित्र स्वच्छ राहते. चुका तेव्हाही होतातच, त्या आपल्यापर्यंत पोचत नाहीत. मुसळधार सरीत चुका मर्यादेपलीकडे गेल्या की चित्र हळूहळू फिके होत नाही, एकदम कोसळते. माझ्या शाळेपासूनच्या प्रश्नाचे उत्तर हे असे मिळाले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. फ्रान्समध्ये ओकेंगेम यांनी १९५९ साली स्वतंत्रपणे हीच रीत प्रसिद्ध केली होती. म्हणून तिच्या नावात आज तिघांचीही आद्याक्षरे आहेत आणि जग तिला बीसीएच संकेत म्हणते. चूक शोधण्याची व्यवहार्य पद्धत पीटरसन यांनी १९६० साली दिली. मोठे काम एकट्याचे नसते.

बोस १९७१ साली नॉर्थ कॅरोलायनातून निवृत्त झाले, पण स्वस्थ बसले नाहीत. कोलोरॅडो राज्य विद्यापीठात शिकवू लागले. १९७६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथे त्यांचे निधन झाले. घराघरांच्या छपरावर डिश येण्याआधीच ते गेले.

हे सारे वाचताना माझ्या मनात तो परत आलेला अर्ज घोळत होता. आपल्या आधार क्रमांकाचा शेवटचा, बारावा आकडाही काठच आहे; आधीच्या अकरा आकड्यांवरून तो काढलेला असतो. पण तो एकच धागा असल्यामुळे काहीतरी चुकले एवढेच सांगू शकतो, कुठे चुकले ते सांगू शकत नाही. मला आलेला शेरा तसाच होता. कुठे, हे सांगायला जादा धागे लागतात. थोडा वेळ, थोडे लक्ष. ज्याच्या घरी विचारायला कुणी शिकलेले नाही, त्याला त्या जादा धाग्यांचीच गरज असते. माझ्या गुरुजनांपाशी म्हणूनच एक नम्र मागणे आहे. उत्तरपत्रिकेवर लाल फुली जरूर मारावी, पण शक्य तेव्हा बाजूला दोन शब्दही लिहावेत. आमच्यापैकी पुष्कळांना आपण चुकलो हे माहीत असते. कुठे चुकलो ते घरी सांगणारे कुणी नसते.

यंदा अर्ज भरण्याच्या दिवसांत मी त्या ताईसारखी ग्रंथालयाच्या दाराशी पट्टी घेऊन बसले. प्रथम वर्षाच्या मुली पासबुके घेऊन आल्या. आम्ही प्रत्येक क्रमांक एकदा पुढून वाचला आणि एकदा मागून. दोघींचे आकडे चुकलेले निघाले. ते कुठे चुकले ते दाखवले, त्यांनी तिथेच दुरुस्त केले. माझा अर्ज घरी नेला तेव्हा बाबांनी माग थांबवला, हात पुसले आणि क्रमांक मोठ्याने वाचायला सांगितला. मी वाचला. मग त्यांनी तो मागून वाचायला लावला.